उलगडतं, सुटतं, फेडतात, फोडतात

हिवाळा लागला की बातम्यांत एक वाक्य हमखास येतं: 'शहर दाट धुक्यात गुंडाळलं गेलं.' वाचताना चालून जातं. पण दहा वाजता ऊन वर आल्यावर त्या शहराचं काय होतं? ते उलगडतं का? नाही. धुकं विरतं, निवळतं, उठतं. म्हणजे शहर गुंडाळलेलं नव्हतंच. धुक्याने ते वेढलं होतं, नाही तर ते धुक्यात बुडालं होतं.

भोवती काहीतरी असण्याचे शब्द मराठीत ढिगाने आहेत: गुंडाळणं, लपेटणं, पांघरणं, वेढणं, मढवणं, गुरफटणं, कवटाळणं. त्यातला नेमका कुठला वापरायचा हे अडलं, तर आवरण घालताना काय केलं ते बघू नका, काढताना काय करावं लागतं ते बघा. गुंडाळलेलं उलगडतं. बांधलेलं सुटतं. चढवलेलं काढतात. पांघरलेलं बाजूला सारतात. नेसलेलं फेडतात. मढवलेलं सहजी निघत नाही. गुरफटलेल्याला सोडवावं लागतं. वेढा उठतो. ही उलटी क्रिया जुळली नाही की सुलटी चुकलेली असते. शब्दकोशात हा फरक क्वचित सापडतो, कारण तिथे या सगळ्यांपुढे 'आच्छादणे, वेष्टणे' एवढंच लिहून मोकळे होतात.

गुंडाळण्यापासून सुरुवात करू. गुंडाळायला वेढे लागतात: एक तरी पूर्ण वेढा, आणि शेवटचं टोक कुठेतरी दाबलेलं. हे टोक नीट दाबलं नाही तर काय होतं, ते अळूवडीत सगळ्यात स्वच्छ दिसतं.

वडीचं अळू घ्यावं, काळसर-जांभळ्या देठाचं. आठ-दहा मध्यम पानांना दोन वाट्या बेसन, पाव वाटी तांदळाची पिठी, दोन मोठे चमचे चिंचेचा दाट कोळ, त्याहून थोडा जास्त गूळ, तिखट, मीठ, हळद, तीळ. चिंच फक्त चवीची नाही. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खवखवतो तो त्यांच्यामुळे, आणि आंबटाने ती खाज कमी होते. पीठ इडलीच्या पिठाहून घट्ट, बोटाने पसरेल पण ओघळणार नाही असं. पान उलटं ठेवायचं, शिरा वर. जाड शिरा सुरीने तासायच्या किंवा लाटणं फिरवून चेपायच्या. सगळ्यात मोठं पान खाली, त्यावर पिठाचा पातळ हात, दुसरं पान उलट्या टोकाने, पुन्हा पीठ. अशी चार पानं झाली की दोन्ही बाजू दोन-तीन बोटं आत दुमडायच्या, त्या दुमडीवरही पीठ लावायचं, आणि आपल्याकडच्या बाजूने घट्ट गुंडाळत न्यायचं. तयार होतो तो उंडा. वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा, मग अर्ध्या इंचाचे काप.

चुकतं ते बहुतेक तीन ठिकाणी. पीठ सैल झालं तर वाफेत ओघळतं आणि उंडा पोकळ राहतो. थर जाड झाला तर मध्ये कच्चा राहतो आणि कापताना भेगा पडतात. आणि दुमडीला किंवा शेवटच्या कडेला पीठ लावायचं राहिलं, तर वडी तेलात पडल्या पडल्या उलगडते. सुगरणी इथे 'फुटली' म्हणत नाहीत, 'सुटली' किंवा 'उलगडली' म्हणतात. गरम उंडा कापला तर मात्र ती 'तुटते'. चूक वेगळी की क्रियापद वेगळं, आणि ऐकणारीला नुसत्या क्रियापदावरून कळतं की चूक कुठे झाली.

त्याच स्वयंपाकघरात बाकी बऱ्याच पदार्थांना गुंडाळणं म्हणत नाहीत, हेही बघण्यासारखं आहे. पातोळीचं हळदीचं पान दुमडतात, कारण एकच घडी असते. वाफवून झाल्यावर ते सोलल्यासारखं निघतं, आणि चिकटून आलं तर पातोळी कच्ची आहे असं समजावं. करंजी भरतात. पुरणपोळीतही पुरण भरतातच, आणि भरलेल्या गोळ्याला उंडाच म्हणतात, तो गुंडाळलेला नसला तरी. मोदक तर वळतात. आत सारण आणि बाहेर उकडीची पारी असूनही कुणी तो गुंडाळत नाही, कारण पारीला टोक नाही, कळ्या एकत्र आणून मिटलेलं तोंड आहे. मोदक उलगडत नाही, फुटतो.

पोथीचं बासन हा गुंडाळण्याचा दुसरा चांगला नमुना. पोथीची पानं सुटी असतात, म्हणून वर-खाली लाकडी फळी किंवा जाड पुठ्ठा. चौकोनी कापड तिरकं पसरून पोथी मध्ये ठेवायची. जवळचं टोक वरून घ्यायचं, दोन्ही बाजूंची टोकं आत घ्यायची, आणि मग चौथ्या टोकाकडे गुंडाळत न्यायचं. त्या टोकाला नाडी शिवलेली असते. ती दोन वेढे फिरवून खोचतात, गाठ मारत नाहीत. गाठ मारली की उकलताना ओढाताण होते आणि कडेची पानं दुमडतात. कसर लागू नये म्हणून आत वेखंडाचा तुकडा. पेशवे दफ्तरातले मोडी कागद असेच कापडात बांधून ठेवले आहेत, आणि त्या प्रत्येक गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात. खिशातल्या रुमालाशी त्याचं नातं एवढंच की दोन्ही चौकोनी कापडं.

'योजना बासनात गुंडाळली' हा प्रयोग म्हणूनच नेमका आहे. योजना फाडली नाही, जाळली नाही, नीट गुंडाळून फडताळात ठेवली. उद्या कुणाला वाटलं तर नाडी सोडून उलगडता येईल. 'गाशा गुंडाळला' यात ही आशा नाही. गाशा म्हणजे खोगिरावर घालायचं कापड, मूळ अरबी 'गाशिया', म्हणजे झाकणारं. ते गुंडाळलं म्हणजे मुक्काम हलला. आणि 'भाषण गुंडाळलं', 'अधिवेशन गुंडाळलं' यात फक्त घाई उरली आहे. या दोन ठिकाणी उलगडणं लागू पडत नाही, हा माझ्या चाचणीतला अपवाद मान्य करून पुढे जातो.

आता बांधणं. इथे आधी एक वर्ग बाजूला काढायला हवा. मोळी, पेंढी, जुडी हे सगळं बांधलेलं असतं, पण आवरण कशालाच नसतं. लाकडं, कडबा, कोथिंबीर दिसत राहतात, फक्त मध्ये दोरी. उलट पुरचुंडी, गाठोडं, बोचकं यांत कापडच आवरण आणि कापडच दोरी. पुरचुंडी मुठीत मावते. सुदाम्याचे पोहे पुरचुंडीत होते. गाठोड्यात असते तर लपवायची वेळच आली नसती. गाठोडं पाठीवर किंवा डोक्यावर जातं: चौकोनी कापड, समोरासमोरची दोन टोकं एकमेकांत, मग उरलेली दोन त्यांच्यावर. बोचकं म्हणजे गाठोडंच, पण घाईचं आणि बेढब. चादरीत हाताला लागतील ते कपडे कोंबून बांधले की बोचकं होतं. गादी-सतरंजीची गुंडाळी करून दोरी बांधली की मात्र ती वळकटी, कारण तिचा आकार गुंडाळण्याने आला आहे, दोरीने नाही.

मसालेभातात किंवा काढ्यात टाकायची पुरचुंडी करताना लोक एक चूक हटकून करतात: ती गच्च भरतात. मलमलचं वीतभर चौकोनी कापड असेल तर मसाला दोन चमच्यांहून जास्त नको. चारी टोकं उचलून पीळ द्यायचा आणि दोरा मसाल्यापासून निदान दोन बोटं वर बांधायचा. धणे, वेलदोडे पाणी पिऊन फुगतात. जागा नसेल तर मधले कोरडेच राहतात आणि स्वाद आतच कोंडतो.

पुडीचं गणित वेगळं. तिला गाठ नाही, दोरा असला तर असला, तरी आपण पुडी 'बांधतो' आणि 'सोडतो'. वैद्याची चूर्णाची पुडी बघा. साधारण वहीच्या पानाच्या चौथाईएवढा कागद. चूर्ण मधोमध, कागदाच्या एक-तृतीयांशाहून जास्त जागा न व्यापेल इतकंच. लांब कडा एकत्र आणून अर्ध्या बोटाची दुमड दोनदा घ्यायची, मग ती आडवी चेपायची. आता डावी-उजवी टोकं मागे वळवून एक दुसऱ्यात खोचायचं. खोचण्याआधी पुडी उभी धरून हलकेच टिचकी मारली की चूर्ण घडीपासून दूर सरकतं. हे केलं नाही तर चूर्ण घडीत अडकतं, आणि कितीही घट्ट खोचलं तरी कोपऱ्यातून झिरपत राहतं. बाजारात थापा मारणारा माणूस 'पुड्या सोडतो' असं म्हणतात, ते याच पुडीवरून म्हणतात असं मानायला मला आवडतं. सोडली की पसरते, आणि पुन्हा भरता येत नाही.

काही आवरणांना तोंड असतं: खोळ, अभ्रा, गवसणी, म्यान. ही गुंडाळत नाहीत, घालतात किंवा चढवतात. उशीचा अभ्रा शिवताना माप उशीएवढंच ठेवावं, किंवा बोटभर कमीच, म्हणजे उशी टरारून बसते. गादीची खोळ मात्र दोन-तीन सेंटिमीटर मोठी हवी, नाही तर चढवताना शिवण उसवते. आणि सुती कापड आधी धुऊन, आटवून मगच बेतावं. पहिल्या धुण्यानंतर अभ्रा जातच नाही, ही तक्रार बहुतेक वेळा या आळसाची असते.

तंबोऱ्याच्या गवसणीचं तोंड भोपळ्याच्या बाजूला ठेवतात. दांडी आधी आत जाते, भोपळा शेवटी. तोंड वरच्या बाजूला असतं तर एवढा रुंद भोपळा दांडीच्या चिंचोळ्या जागेतून गेलाच नसता. कापड जाड आणि आत कापसाचं अस्तर, कारण भोपळा सुकलेलं फळच आहे, टेकवताना जरा आपटला तरी तडकतो. पावसाळ्यात दमट तंबोरा तसाच गवसणीत घातला तर भोपळ्याला बुरशी धरते. 'आकाशाला गवसणी घालणे' या वाक्प्रचारातली खरी गंमत यात आहे. गवसणी त्या वस्तूच्या मापाने बेतून शिवावी लागते, आणि वस्तू तिच्या तोंडातून आत सरकावी लागते. आकाशाचं माप कोण घेणार? नुसतं 'आकाश झाकणे' म्हटलं असतं तर ही अडचण दिसलीच नसती.

म्यान याच वर्गातलं, पण उलट वागतं. अभ्रा काढताना उशी जागेवर राहते आणि आवरण हलतं. म्यानात आवरण कमरेला राहतं आणि तलवार उपसली जाते. म्हणून 'तलवारीचं म्यान काढलं' हे कानाला खटकतं.

खोळ शब्दाचा आणखी एक अर्थ शेतातला. पावसात डोक्यावरून पाठीवर घेतात ती खोळ. तागाच्या पोत्याच्या तळाचे दोन कोपरे असतात. त्यातला एक आत ढकलत दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन बसवायचा, की टोपीसारखं टोक तयार होतं. ते डोक्यावर, बाकी पोतं पाठीवर. दोन्ही हात मोकळे, वाकलं तरी पाठ कोरडी. कोकणात हेच काम पानांचं इरलं करतं. ताग भिजून जड होतो, पण श्वास घेतो. प्लॅस्टिकच्या गोणीची खोळ हलकी असते, मात्र आतून घामाने भिजवते आणि वाऱ्याला उडते. घोंगडीची खोळ सगळ्यांत भारी. तिचा ताणा चिंचोक्याच्या खळीने कडक केलेला, लोकर राठ, त्यामुळे पहिला बराच पाऊस वरच्यावर ओघळून जातो. एकदा पाणी आत मुरलं की मात्र ती मणाची होते आणि दोन-दोन दिवस वाळत नाही. न सुटणाऱ्या प्रश्नाला 'भिजत घोंगडं' का म्हणतात, हे ती पिळायला घेतली की कळतं.

तीच घोंगडी रात्री पांघरतात. पांघरूण म्हणजे फक्त वरचं. खालचं ते अंथरूण. पांघरलेला माणूस चहूबाजूंनी बंद नसतो, एका हाताने तो पांघरूण सारू शकतो. दोषांवर 'पांघरूण घालतात' ते म्हणूनच: दोष खाली जसेच्या तसे असतात आणि कुणीही टोक उचलून बघू शकतं. शाल पांघरतात, लपेटतात, अंगावर घेतात. 'तो शालीत गुंडाळला होता' असं लिहिलं की मात्र त्याला दुसऱ्या कुणीतरी गुंडाळलं, असा वास येतो. आजाऱ्याला, प्रेताला आणि तान्ह्या बाळाला गुंडाळतात. धडधाकट माणूस स्वतः लपेटून घेतो.

बाळाच्या दुपट्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे शब्द नाही तर कृती चुकते. दुपटं साधारण तीन फूट चौरस, मऊ सुती. तिरकं पसरून वरचं टोक वीतभर आत दुमडायचं, बाळाचे खांदे त्या घडीच्या खाली येतील असं निजवायचं, मान आणि चेहरा मोकळा. एक बाजू छातीवरून नेऊन पाठीखाली, खालचं टोक वर, मग दुसरी बाजू. छातीपाशी आपली दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. पायांपाशी तर दुपटं सैलच हवं. गुडघे वाकवून पाय बेडकासारखे फाकवता आले पाहिजेत. 'पाय सरळ व्हावेत' म्हणून पाय जुळवून घट्ट आवळण्याची पद्धत अजून चालते, ती थांबवावी. त्याने खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका वाढतो, पाय सरळ वगैरे होत नाहीत. गुंडाळलेलं बाळ नेहमी उताणंच झोपवावं, आणि ते कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की हात आत घेऊन गुंडाळणं बंद. उन्हाळ्यात वर आणखी शाल नको. मानेमागे घाम आला तर एक थर जास्त आहे. कुंची यापेक्षा सोयीची. डोकं आणि पाठ झाकते, पुढून मोकळी.

कपड्यांमध्ये तर मराठी फार काटेकोर आहे. सदरा घालतात, फेटा बांधतात, पगडी घालतात, कारण ती आधीच बांधून शिवलेली असते. साडी, धोतर, लुंगी नेसतात. आणि नेसलेलं फेडतात. वस्त्र फेडतात तसं कर्ज फेडतात, नवस फेडतात, पांग फेडतात. कर्ज अंगाभोवती गुंडाळलेलं असतं आणि एकेक वेढा सोडवत त्यातून बाहेर यायचं असतं, हे ज्याने कुणी पहिल्यांदा बोलून दाखवलं त्याला कर्जाची चांगली ओळख असावी. 'साडी घातली' आता सर्रास ऐकू येतं. चालू द्या. पण 'साडी काढली' म्हटलं की ती कपाटातून काढली की अंगावरून, हे विचारावं लागतं. फेडणं असताना ही अडचण नव्हती.

मढवणं म्हणजे आवरण इतकं ताणून बसवणं की एक सुरकुतीही राहू नये. तबला मढवतात. कातडं ओलं असताना ताणतात, वाळलं की ते आणखी आवळतं. कडेच्या गजऱ्याला, म्हणजे कातड्याच्या विणलेल्या कड्याला, सोळा घरं, त्यांतून वादी, म्हणजे चामड्याची पट्टी, ओवून तळाच्या कड्याशी खेचलेली, वादीखाली लाकडी गट्ठे. पुडी, म्हणजे तबल्याचं हे मढवलेलं तोंड, उतरवायची तर सगळी वादी सोडावी लागते. ताण सगळ्या घरांत सारखा नसेल तर एका बाजूला सूर चढा आणि समोर उतरलेला, मग गजऱ्यावर हातोडी कितीही मारा. पूर्वी तसबीरसुद्धा मढवून आणत. आता 'फ्रेम करतात'.

अंगाभोवतीच्या शब्दांतले शेवटचे, ज्यांतून स्वतःहून बाहेर पडणं अवघड. गोधडीत गुरगुटून झोपलेल्याची तक्रार नसते. गुरफटलेल्याची असते: पाय कुठे, टोक कुठे, कळत नाही. खटल्याच्या बातम्यांत गुंतणं, अडकणं, गोवणं सरमिसळ होतात, ते होऊ नयेत. गुंततो तो आपल्या करणीने. अडकतो तो नकळत. गोवला जातो तेव्हा ओवणारा हात दुसऱ्याचा असतो. 'आरोपी प्रकरणात गोवला गेला' असं बातमीदार लिहितो तेव्हा त्याने निकाल देऊन टाकलेला असतो, बहुतेक नकळत.

साप स्वतःचं वेटोळं घालतो, दुसऱ्याभोवती विळखा. वेढा मात्र दुरून असतो, अंगाला लागत नाही. तो घालतात, आवळतात, तो ढिला पडतो, फुटतो, उठतो. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातलेला वेढा चार महिन्यांहून अधिक चालला आणि शिवाजी महाराज ऐन जुलैच्या पावसात त्यातून निसटले. निसटता येतं कारण वेढ्यात फट असते. विळख्यात ती नसते. म्हणून व्यसनाचा विळखा म्हणतात, वेढा म्हणत नाहीत.

राहता राहिला पुडा. पुडीचा थोरला भाऊ. गजऱ्याचा, सुट्या फुलांचा पुडा अजून पानात बांधून वर दोरा गुंडाळून मिळतो, आणि घरी आणून सोडतात. बिस्किटांचा पुडा यंत्राने चिकटवून येतो, त्याला सोडायला काही नाही, म्हणून तो फोडतात. आणि लग्न ठरल्यावर साखरेचा पुडा हातात देतात, ज्यावरून त्या समारंभालाच साखरपुडा म्हणतात, तो सोडत नाहीत, फोडतही नाहीत. बिनसलं तर तो मोडतो.